चित्र, माप आणि गोष्ट
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे गावांना झाडांची नावे देण्याची रीत फार जुनी आहे. वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव, जांभूळपाडा, बाभूळगाव, सावरगाव अशी नावे नकाशावर शोधायला गेलात तर जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतील. मुंबईत चिंचपोकळी आहे, ताडदेव आहे, फणसवाडी आहे. पुण्यात चिंचेची तालीम आहे. ही नावे कुणा अधिकाऱ्याने बसून ठेवलेली नाहीत. लोकांनी पत्ता सांगताना झाडाचा आधार घेतला, आणि झाड गेल्यावरही पत्ता तसाच राहिला. पण ज्या चिंचेवरून तालमीला नाव पडले ती चिंच दिसायला कशी होती, तिचा बुंधा किती माणसांच्या कवेत मावत होता, ती कोणत्या वर्षी गेली, असे विचारले तर उत्तर मिळणे कठीण. नाव उरले आणि रूप गेले.

आज मला बोलायचे आहे ते या रूपाबद्दल. गेल्या काही वर्षांत गावोगावी झाडांच्या छायाचित्रांच्या स्पर्धा भरू लागल्या आहेत. पाच जूनचा पर्यावरण दिन किंवा जुलैतला वनमहोत्सव आला की शाळा, वाचनालये, गणेश मंडळे, निसर्गप्रेमींचे गट 'आपल्या गावातली झाडे' असा विषय देतात आणि फोटो मागवतात. मी हौशी छायाचित्रकार. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावी अशा स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावतात. तिथे एक प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतोच. झाडाचा फोटो काढून झाडाचे काय भले होते? झाडे लावा, पाणी घाला. फोटो कसले काढता? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला इतिहासात थोडे मागे गेल्यावर सापडले.

पश्चिम भारतातल्या एका विशिष्ट झाडाचे चित्र सातासमुद्रापार पोहोचले, ते कबीरवडाचे. भडोचजवळ नर्मदेच्या पात्रातल्या बेटावर हा वड आहे. संत कबीरांनी टाकलेल्या दातवणाच्या काडीतून तो उगवला, अशी लोककथा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फोर्ब्स नावाचा एक कारकून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईला आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलेले नव्हते. पुढे त्याने भडोच, डभई या भागात नोकरी केली. हातात चित्रकला होती आणि डोळ्यांत कुतूहल होते. जे दिसेल ते तो काढत गेला. १७८४ मध्ये तो भारतातून परत गेला आणि १८१३ मध्ये 'ओरिएंटल मेमॉयर्स' या नावाने त्याच्या आठवणी चार खंडांत प्रसिद्ध झाल्या. त्यात कबीरवड आहे. फोर्ब्सने वडाचे चित्र दिले. मोठी खोडे साडेतीनशे आणि लहान तीन हजारांहून अधिक, असा हिशेब दिला. सात हजार माणसे त्याच्या सावलीत विसावू शकतील, असे लिहिले, आणि कबीरांच्या नावाशी जोडलेली आख्यायिकाही नोंदवली.

म्हणजे एका झाडाबद्दल त्याने तीन गोष्टी ठेवल्या : चित्र, माप आणि गोष्ट. हे तीन शब्द आपण लक्षात ठेवू, कारण पुढची सगळी हकीकत या तिघांभोवतीच फिरणार आहे.

फोर्ब्सच्या पुस्तकानंतर चाळीस वर्षांनी मुंबईत कॅमेरा चांगला रुळला होता. ऑक्टोबर १८५४ मध्ये इथे 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या अशा संस्था त्यानंतरच्या, १८५६ सालच्या. मुंबईच्या या संस्थेत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः छायाचित्रे काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. म्हणजे छायाचित्रण ही कला आपल्याकडे युरोपच्या पाठोपाठच आली म्हणायची.

आता वाटेल की या मंडळींनी वडा-पिंपळांचे भरपूर फोटो काढले असतील. पण त्या काळच्या संग्रहांत प्रामुख्याने दिसतात ती माणसे, निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख, लेणी, देवळे, किल्ले, नव्या इमारती. झाड असते, पण ते देवळाच्या बाजूला, इमारतीला चौकट म्हणून. याचे एक कारण सरकारी गरज आणि गिऱ्हाइकांची आवड. दुसरे कारण मात्र तांत्रिक आहे. त्या वेळी काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असेतो फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूतल्या अंधारात तो धुवायचा, अशी रीत होती. काच उघडी ठेवण्याचा वेळ सेकंदांत मोजावा लागे. लेणे हलत नाही, पण पिंपळाचे पान वारा नसतानाही हलते. फोटोत त्या जागी नुसता धूर उमटायचा. त्यात त्या काचेला निळा प्रकाश तेवढा चटकन कळे, हिरवा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे आकाश पांढरेफेक आणि झाड काळेकुट्ट असा प्रकार होई. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रसायनात रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्या प्रकाशाचीही जाण आणता येते हे दाखवले. तिथून पुढे हळूहळू झाडाचे पान फोटोत पानासारखे दिसू लागले.

मुंबईतच १८८३ मध्ये 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली. या संस्थेच्या नियतकालिकाने आपल्याकडच्या पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची जी नोंद केली तिला तोड नाही. सेंट झेविअर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर आणि संस्थेचे मिलर्ड यांचे भारतातल्या सुंदर वृक्षांवरचे पुस्तक १९३७ साली निघाले. आजही ते जाणकारांच्या कपाटात असते. बहावा, पळस, पांगारा, ताम्हण, गुलमोहर यांची चित्रे आणि छायाचित्रे पाहून कित्येकांना झाडे ओळखण्याचा नाद लागला. पुढे मराठीतही श्री. द. महाजन यांच्यासारख्या अभ्यासकांनी देशी आणि विदेशी वृक्षांची ओळख घरोघरी पोहोचवली.

पण इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. बहाव्याचे चित्र ही बहावा या जातीची ओळख असते. पुस्तकातला बहावा कुठला, कुणाच्या परसातला, हे महत्त्वाचे नसते; किंबहुना तो सगळ्या बहाव्यांचा प्रतिनिधी असणेच सोयीचे असते. गावच्या माणसाचे मात्र जातीशी नव्हे, व्यक्तीशी नाते असते. त्याच्यासाठी वड म्हणजे स्टँडसमोरचा वड. जातीचे चित्र वनस्पतिशास्त्राला उपयोगी, आणि त्या एका वडाचे चित्र गावाच्या इतिहासाला. पहिल्या प्रकारचे काम आपल्याकडे उत्तम झाले. दुसऱ्या प्रकारचे फार थोडे झाले.

जिथे झाले तिथे काय लाभ होतो, याचे एक मोठे उदाहरण कलकत्त्याजवळ शिवपूरला आहे. तिथले वनस्पती उद्यान १७८७ सालचे. २००९ पासून त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. तिथला विशाल वटवृक्ष सर्वांना ठाऊक असतो. १८६४ आणि १८६७ या वर्षांच्या चक्रीवादळांत तो जखमी झाला, मग बुंध्याला बुरशीने ग्रासले, आणि अखेर १९२५ मध्ये त्याचा मूळ बुंधा कापून काढावा लागला. झाड मात्र जगले. हजारो पारंब्यांच्या आधारावर ते त्यानंतरही पसरतच राहिले. आज तिथे गेलेल्या माणसाला एक अरण्य दिसते, पण ज्यातून ते अरण्य निघाले तो बुंधा दिसत नाही. तो पाहायचा तर जुनी छायाचित्रेच काढावी लागतात. सरकारी बाग असल्यामुळे ती काढली गेली आणि जपलीही गेली. आपल्या गावच्या वडाला असा रखवालदार कुठून मिळणार?

एका झाडाला तो एका छायाचित्रकाराच्या रूपाने मिळाला. आंध्र प्रदेशात कदिरीजवळ 'तिम्मम्मा मर्रिमानु' नावाचा वड आहे. तेलुगूत मर्रि म्हणजे वड, मानु म्हणजे झाड. तिम्मम्मा नावाची एक स्त्री पतीच्या चितेवर सती गेली आणि चितेच्या एका खांबाला पालवी फुटून हा वड झाला, अशी तिथली श्रद्धा. पंचक्रोशीला हे झाड ठाऊक होते, बाहेरच्या जगाला नव्हते. बंगळूरच्या सत्यनारायण अय्यर या पत्रकार-छायाचित्रकाराने त्याचा पाठपुरावा केला आणि १९८९ मध्ये जगातले सर्वांत विस्तीर्ण झाड म्हणून त्याची 'गिनेस बुक'मध्ये नोंद झाली. विस्तार पाच एकरांच्या आसपास. या अय्यरांना लोक 'रिग्रेट अय्यर' म्हणून ओळखत, कारण संपादकांकडून साभार परत येणाऱ्या लेखांबरोबरच्या 'रिग्रेट' चिठ्ठ्यांचा त्यांनी ढीग जमवला होता आणि तेच नाव आनंदाने लावून घेतले होते. चित्र, माप आणि गोष्ट या तिन्ही गोष्टी पुन्हा एकत्र आल्या, आणि त्या एका चिकाटीच्या माणसामुळे आल्या.

आता स्पर्धेकडे वळू. झाडाची स्पर्धा ही कल्पना आपल्याला नवी वाटली तरी युरोपात ती चांगली रुजली आहे. चेक प्रजासत्ताकात २००२ सालापासून 'वर्षाचे झाड' निवडण्याची स्पर्धा सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या झाडाचे छायाचित्र आणि त्याची हकीकत पाठवायची आणि लोकांनी मते द्यायची. २०११ पासून ती युरोपभर होऊ लागली. तिची गंमत अशी की सर्वांत उंच, सर्वांत जुने, सर्वांत देखणे झाड जिंकलेच पाहिजे असे नाही. लोकांच्या आयुष्याशी ज्याची गाठ घट्ट ते झाड जिंकते.

२०१५ मध्ये एस्टोनियातला एक ओक जिंकला. तो उभा आहे फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध! स्टालिनच्या काळात मैदान वाढवताना दोन ट्रॅक्टर लावून त्याला उपटायचा प्रयत्न झाला, दोर तुटले पण झाड हलले नाही, असे तिथले लोक सांगतात. मुले आजही त्याला वळसा घालून चेंडू खेळतात. २०१७ मध्ये पोलंडचा 'योझेफ' ओक जिंकला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या ढोलीत ज्यू लोकांनी आसरा घेतला होता, ही त्याची कहाणी. २०२० मध्ये चेक देशातल्या एका पाइन वृक्षाला मान मिळाला. धरणाच्या पाण्यात त्याचे चुदोबीन गाव बुडाले आणि काठावरच्या खडकावर हे झाड तेवढे राहिले. आपल्याकडे कोयना, उजनी, जायकवाडीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना या झाडाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

इथपर्यंत सगळे गोड आहे. पण इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये 'वुडलँड ट्रस्ट' या संस्थेने २०१४ मध्ये अशी स्पर्धा सुरू केली. २०१५ साली इंग्लंडमध्ये पहिला क्रमांक मिळाला तो क्युबिंग्टन गावच्या एका रानटी पेअरच्या झाडाला. वय सुमारे अडीचशे वर्षे. लंडन ते बर्मिंगहॅम या वेगवान रेल्वेच्या मार्गात ते येत होते आणि गावकऱ्यांनी मुद्दामच त्याला स्पर्धेत उतरवले होते. झाड जिंकले, फोटो देशभर छापून आले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ते तोडण्यात आले. २०१६ चा मान हेड्रियनच्या भिंतीजवळच्या, दोन टेकड्यांमधल्या खळग्यात एकट्या उभ्या असलेल्या सिकॅमोरला मिळाला. त्या देशात याच्याइतके फोटो क्वचितच दुसऱ्या एखाद्या झाडाचे निघाले असतील. सप्टेंबर २०२३ च्या एका रात्री दोघा जणांनी करवतीने ते आडवे केले. २०२५ मध्ये त्या दोघांना चार वर्षे तीन महिन्यांची कैद झाली.

म्हणजे फोटो काढला, बक्षीस दिले, आणि तरीही झाड गेले. मग आमच्या गावच्या प्रश्नकर्त्याचेच बरोबर म्हणायचे का?

मला तसे वाटत नाही. पेअर जाण्यापूर्वी त्याची कलमे घेऊन ठेवलेली होती. सिकॅमोरच्या बियांपासून रोपे तयार झाली. तुटताना झाडाची जितकी फूट उंची होती तितकी, म्हणजे एकोणपन्नास रोपे देशभर निरनिराळ्या ठिकाणी देण्यात आली. एका झाडाच्या तोडीसाठी माणसांना तुरुंगवास होतो, हेही सगळ्या देशाने पाहिले. हे सारे झाले ते त्या झाडाला नाव होते, चेहरा होता म्हणून. त्याच रेल्वेमार्गात शेकडो बिननावाची झाडे गेली. त्यांच्यासाठी कलम कापायला कुणी आले नाही.

आणि क्वचित रस्ताही वळतो. आपल्या सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावी यल्लम्माच्या देवळापाशी एक वड होता. गावकरी त्याचे वय चारशे वर्षे सांगत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत तो जाणार होता. २०२० मध्ये कार्यकर्ते आणि ग्रामस्थ झाडाला कडे करून उभे राहिले, सह्यांची मोहीम झाली, आणि त्या विस्तीर्ण वडाचे फोटो वृत्तपत्रांतून व मोबाइलवरून राज्यभर गेले. कागदावर ते रस्त्याच्या हद्दीतले एक झाड होते. फोटोत लोकांना वड दिसला. राज्याच्या पर्यावरण मंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिले आणि महामार्गाची आखणी बदलण्याचे ठरले. पुढे २०२२ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर ते वृद्ध झाड आपल्याच भाराने कोसळले. पण करवतीने जाणे आणि म्हातारपणाने जाणे यांत फरक आहे, हे आपल्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

यानंतर कायद्यातही एक बदल झाला. महाराष्ट्रातल्या नागरी भागांसाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी, तोडण्याआधी नोटीस लावून हरकती मागवाव्यात, अशा तरतुदी त्यात आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात 'वारसा वृक्ष' ही कल्पना आली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाचे झाड म्हणजे वारसा वृक्ष. ते तोडायची वेळ आलीच, तर त्याचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची. कायदा नागरी भागापुरता आहे, खेड्यातल्या झाडाला तो लागू नाही, ही त्याची मर्यादा. तरीही कल्पना चांगली आहे.

अडचण येते ती वय ठरवण्यात. पुस्तकात वाचतो तशी बुंध्यातली वर्षाची कडी मोजून वय सांगणे थंड प्रदेशात सोपे असते. आपल्याकडे सागासारख्या काही झाडांतच अशी कडी नीट दिसतात. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या कड्यांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास झाला आहे, तो याच गुणामुळे. वड, पिंपळ, चिंच यांच्या बाबतीत हा मार्ग फारसा चालत नाही, आणि म्हाताऱ्या झाडाचा गाभा तर पोकळच असतो. मग घेरावरून अंदाज करायचा. पण मुरमात वाढलेली चिंच आणि विहिरीकाठची चिंच एका वेगाने जाडावत नाहीत. अंदाजाला अंदाजाने उत्तर देता येते, आणि अशा वादात झाड हरण्याचीच शक्यता जास्त.

इथे आमच्या छोट्या स्पर्धेचा अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी आलेले फोटो तुमच्या डोळ्यांसमोर येतीलच. मावळत्या सूर्यापुढची काळी फांदी, फुललेला गुलमोहर, धुक्यातली वाट. छान होते, पण कोणते झाड, कुठले, हे बहुतेकांच्या मागे लिहिलेले नव्हते. त्या ढिगात एक साधा, किंचित हललेला फोटो होता. जुन्या जकात नाक्याजवळच्या चिंचेचा. बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला होता : १७. रस्ता रुंद करण्याच्या मोजणीतला तो आकडा. पाठवणारी अकरावीतली मुलगी होती आणि तिने खाली लिहिले होते, 'आम्ही हिला नाक्याची चिंच म्हणतो, सतरा म्हणत नाही.'

त्या वर्षी बक्षीस दुसऱ्याच एका उत्तम फोटोला गेले आणि ते योग्यच होते. पण त्या मुलीच्या ओळीमुळे दुसऱ्या वर्षी आम्ही नियम बदलले. फोटोबरोबर झाडाचे नाव, नेमकी जागा आणि तारीख हवी. छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर सुतळी गुंडाळून मोजलेला घेर हवा. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहिलेल्या दहा ओळी हव्यात. आणि एक नवा विभाग ठेवला : घरातला जुना फोटो शोधा, ज्यात तुमचे झाड कुठेतरी मागे आले आहे, आणि त्याच जागेवर उभे राहून आजचा फोटो काढा. शास्त्रज्ञ ही रीत फार पूर्वीपासून वापरतात. आल्प्स पर्वतातल्या हिमनद्या किती सरकल्या हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असेच मोजत आले आहेत.

या विभागाला जो प्रतिसाद मिळाला त्याने आम्ही चकित झालो. ट्रंकांतून, देवघराच्या कोनाड्यांतून फोटो बाहेर निघाले. लग्नाची वरात आणि मागे पिंपळाचा पार. नवी सायकल घेतलेला तरुण आणि मागे कडुनिंब. फोटो काढणाऱ्याने झाडाकडे पाहिलेही नसेल, पण कॅमेऱ्याने ते टिपले होते. त्यात एक शाळेचा वर्गफोटो होता. पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हातात पाटी आणि पाटीवर इयत्ता आणि 'सन १९६१-६२'. मुलांच्या मागे चांगली डेरेदार, भरल्या बुंध्याची चिंच. नाक्याचीच. शाळा तेव्हा शेजारच्या वाड्यात भरत असे.

रुंदीकरणाच्या यादीत या चिंचेचे वय 'अंदाजे ३५ वर्षे' लिहिलेले होते. नोटीस लागल्यावर वाचनालयाच्या मंडळींनी जी हरकत घेतली तिला त्या वर्गफोटोची प्रत जोडली. पाटीवरचे साल कुणालाही वाचता येत होते. भाषण करावे लागले नाही, घोषणा द्यावी लागली नाही. चिंच वगळली गेली. रस्ता तिथे थोडा आत घेतला आहे. त्याच रांगेतले दोन कडुनिंब मात्र गेले. ते चिंचेहून लहान नसावेत, असे जुनी माणसे म्हणतात. पण त्यांचा फोटो कुणाच्याही घरात निघाला नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण स्पर्धेचा खरा अर्थ मला तिथे कळला. झाडाला वाचवण्याची ताकद फोटोत नसते, ती माणसांत असते. पण माणसांना उभे राहायला एक कागद लागतो. झाड ही काही सातबाऱ्यावर नाव लागलेली व्यक्ती नव्हे. त्याचा जन्मदाखला नसतो. त्याच्या बाजूने बोलायचे तर चित्र, माप आणि गोष्ट यांपैकी काहीतरी हातात असावे लागते. तिन्ही असली तर उत्तम.

'स्थानिक झाड' म्हणजे कोणते, यावरही अशा स्पर्धांत वाद होतात. फक्त देशी झाडेच घ्या, असे काही जण म्हणतात. नवी लावताना देशी लावावीत हे मला पूर्ण मान्य आहे. पण नोंद करताना सोवळे नको. गुलमोहर मादागास्करचा आहे, म्हणून ज्या गुलमोहराखाली तीन पिढ्यांनी एस.टी.ची वाट पाहिली त्याला परका म्हणायचे का? आफ्रिकेतून आलेल्या बाओबाबला आपण गोरखचिंच म्हणून थेट नाथपंथात घेतले. झाड कुठून आले हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न झाला. ते कुणाचे झाले, हे गाव ठरवते.

तेव्हा तुमच्या गावात, सोसायटीत, शाळेत अशी स्पर्धा घ्यायची असेल तर खर्च फारसा नाही. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. सुतळी आणि टेप घरात असते. मात्र तीन पथ्ये पाळा. पूर्ण झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, शेजारी एक माणूस उभा करून एकदा तरी टिपा, म्हणजे आकार कळतो. मग हवे तर कलात्मक फोटो काढा. दुसरे, मागची एखादी न हलणारी खूण, देऊळ, पाण्याची टाकी, शाळेची भिंत, चौकटीत येऊ द्या, म्हणजे पन्नास वर्षांनी तीच जागा सापडेल. आणि तिसरे, बक्षीस समारंभ झाल्यावर फोटो फेकू नका. एक संच वाचनालयात ठेवा, एक नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या. मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर जातो. छापून, मागे तारीख-ठिकाण लिहून ठेवलेला राहतो.

आणि हे काम झाडावर नोटीस लागण्याआधी करा. नोटीस लागल्यावर हरकतीची मुदत थोडी असते. एवढ्या दिवसांत साठ वर्षांपूर्वीचा वर्गफोटो प्रत्येक वेळी सापडेलच असे नाही.